चौघांचे गाणे, चार ठिकाणांहून

वाचकाचे पत्र: आम्ही चौघे बरीच वर्षे एकत्र गात-वाजवत आलो, पण आता चौघे चार शहरांत राहतो आणि त्यांतला एक परदेशात आहे. शब्द मी लिहिते आणि गाते. एक मित्र गिटार वाजवतो, दुसरा बासरी, आणि मैत्रीण कीबोर्ड व ड्रमचे प्रोग्रॅमिंग सांभाळते. अकरा गाण्यांच्या चाली तयार आहेत. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवून पाहिले, ते दोन ओळींतच कोसळले. मग ब्राउझरमध्ये चालणारे एक स्टुडिओ-सॉफ्टवेअर घेतले. त्यात माझा आवाज ठेक्याच्या मागे पडतो, बासरीचा लांब स्वर मध्येच विरून जातो, आणि दोघांनी एकाच रात्री केलेल्या बदलांत कोणाचे काम राहिले व कोणाचे गेले हे कळत नाही. भरीस भर म्हणजे एकाने अर्धवट गाणे न विचारता सार्वजनिक केले आणि आता आम्ही एकमेकांशी तुटक बोलतो. सॉफ्टवेअर बदलावे का? कोणते घ्यावे? आणि गाणे नेमके कोणाचे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तांत्रिक तक्रारी पुष्कळ आहेत, पण मला सर्वांत जास्त लागले ते ‘तुटक बोलतो’ हे शब्द. अकरा चाली बांधून बसलेली चार माणसे काही सेटिंगांपायी एकमेकांना दुरावावीत, हे मला मनापासून नको वाटते. म्हणून उत्तर जरा विस्ताराने देते. कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा तुमच्या प्रश्नांतला सर्वांत सोपा भाग आहे आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण तुमच्या बहुतेक अडचणी सॉफ्टवेअर बदलले तरी तुमच्या पाठोपाठ नव्या ठिकाणी येतील. त्यांचे मूळ एका अपेक्षेत आहे: पूर्वी एका खोलीत बसून वाजवत होतो तसेच आता इंटरनेटवर, चौघांनी एकाच वेळी हजर राहून, गाणे घडवावे. ही अपेक्षा तूर्त बाजूला ठेवा, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. गाणे थराथराने रचा; एकाने वाजवलेले ऐकून दुसऱ्याने त्यावर आपला थर चढवावा, आणि प्रत्येकाने आपल्या थराची मूळ प्रत स्वतःच्या संगणकावर जपावी.

व्हिडिओ कॉलवर तुमचे जमले नाही यात तुमच्यापैकी कोणाच्या लयीचा दोष नाही, हे आधी सांगते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. एकाच रंगमंचावर आठ मीटर अंतराने उभे असलेले दोन वादकसुद्धा एकमेकांना २३-२४ मिलिसेकंद उशिराने ऐकत असतात आणि तरी त्यांचे जमते. मात्र हा उशीर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या पुढे गेला की प्रत्येक जण नकळत दुसऱ्यासाठी थांबू लागतो, दुसराही त्याच्यासाठी थांबतो, आणि लय उतरत जाते. व्हिडिओ कॉलची सारी यंत्रणा संभाषणासाठी घडवलेली आहे; दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत बोलण्यासाठी एका बाजूचा १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालण्याजोगा धरला आहे, आणि बोलताना तो खरोखरच खुपत नाही. ९६ बीपीएमच्या (मिनिटाला ९६ मात्रांच्या) गाण्यात मात्र एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची असते, तेव्हा तोच उशीर जवळजवळ पाव मात्रेएवढा भरतो. पाव मात्रा मागे ऐकू येणाऱ्या गिटारबरोबर कोणीही समेवर येऊ शकणार नाही.

जे दोघे-तिघे एकमेकांपासून काहीशे किलोमीटरांच्या आत आहेत त्यांच्यासाठी जॅम्युलस, सोनोबस किंवा जॅकट्रिप ही खास याच कामासाठी केलेली सॉफ्टवेअर आहेत, आणि इंटरनेट वाय-फायवरून न घेता केबलने घेतले, साधे तारेचे हेडफोन वापरले, तर त्यांवर सराव करता येतो. परदेशातल्या मित्राचे गणित मात्र यांतल्या कशानेही सुटणार नाही. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो, म्हणजे दर हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद निव्वळ प्रवासात खर्च होतात, आणि दोन्हीकडच्या साउंड कार्डांचा व वाटेतल्या राउटरांचा वेळ त्यात वेगळा मिळवावा लागतो. निनजॅम नावाच्या प्रणालीने या अडचणीला एक सुंदर बगल दिली आहे: तिथे उशीर कमी करण्याऐवजी तो एका पूर्ण आवर्तनाएवढा वाढवतात, त्यामुळे तुम्ही इतरांचे मागचे आवर्तन ऐकत आपले चालू आवर्तन वाजवता आणि सगळे समेवर राहते. ठरावीक कॉर्डच्या चक्रावर मनमोकळे वाजवायला ते उत्तम आहे. ध्रुवपद आणि कडवी असलेल्या बांधीव गाण्याला त्याचा उपयोग नाही. चौघांना एकत्र वाजवल्याचा आनंद हवा असेल तेव्हा तिथे जरूर जमा, पण अकरा गाण्यांचे काम तिथे नेऊ नका.

आता तुमचा आवाज ठेक्याच्या मागे का पडतो ते पाहू. माझा पहिला प्रश्न असा की तुम्ही ब्लूटूथ हेडफोन लावता का? लावत असाल तर दोषी बहुतेक सापडला. ब्लूटूथवरून आवाज कानात येईपर्यंत सहज दीडशे-दोनशे मिलिसेकंद जातात. तुम्ही कानावर पडलेल्या ठेक्याशी चोख गाता, पण तो ठेका सॉफ्टवेअरच्या दृष्टीने केव्हाच होऊन गेलेला असतो. त्याच हेडफोनचा माइक वापरला तर आणखी एक नुकसान होते: हेडफोन फोनच्या संभाषणासाठी असलेल्या पद्धतीवर जातो आणि आवाजाचा वरचा सगळा उजेड कापला जातो. तेव्हा तारेचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या, म्हणजे क्लिकचा (ठेका मोजून देणाऱ्या टकटकीचा) आवाज बाहेर झिरपून माइकमध्येही शिरणार नाही.

तारेचे हेडफोन असूनही आवाज मागेच राहत असेल तर संगणकाचा स्वतःचा उशीर मोजावा लागतो. संगणक आवाज थेंबाथेंबाने न हाताळता घोटाघोटाने हाताळतो आणि या घोटाला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर पावणेतीन मिलिसेकंदांहूनही थोडा लहान असतो, तर १०२४ सॅम्पलचा २१ मिलिसेकंदांचा. आणि आवाज जाताना एकदा व येताना एकदा असा तो दोनदा भरावा लागतो. ब्राउझरमधल्या स्टुडिओत या बफरवर तुमचा ताबा फारसा नसतो, म्हणून त्यांच्या सेटिंगमध्ये बहुधा लेटन्सी (हाच उशीर) मोजण्याची सोय दिलेली असते. ती नसेल तर हा प्रयोग घरच्या घरी करता येतो. हेडफोन कानावरून काढून त्याची एक वाटी माइकला चिकटवा, प्रोजेक्टमध्ये नुसता क्लिकचा ट्रॅक वाजवा आणि तो नव्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. आता दोन्ही ट्रॅक मोठे करून पाहिले की वरच्या क्लिकचा सुळका आणि खालच्या क्लिकचा सुळका यांच्यातले अंतर डोळ्यांना दिसते. ते जितके मिलिसेकंद असेल तितकी तुमची प्रत्येक टेक (एका दमात केलेले रेकॉर्डिंग) डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, सरकवायची, किंवा सेटिंगमध्ये तो आकडा एकदाच लिहून टाकायचा. एकदा हा आकडा हाती आला की ‘तू मागे पडतेस’ हे वाक्य तुम्हाला पुन्हा ऐकावे लागणार नाही. ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) असेल तर गाताना स्वतःचा आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून आलेला न ऐकता त्यावरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमधून थेट ऐका. निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

बासरीची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एका वादकाचा आत्मविश्वास विनाकारण खचू शकतो. ब्राउझर माइकचा आवाज घेताना तो संभाषणाचा आवाज आहे असे गृहीत धरतो आणि त्यावर आपण होऊन तीन प्रक्रिया करू शकतो: इको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी काढणे), नॉइज सप्रेशन (गोंगाट दाबणे) आणि ऑटो गेन कंट्रोल (गेन, म्हणजे माइकच्या आवाजाची पातळी, आपोआप कमीजास्त करणे). यांतली दुसरी प्रक्रिया ‘बदलत नाही तो गोंगाट’ या तत्त्वावर चालते. पंख्याची घरघर एकसारखी असते, म्हणून ती काढून टाकायची. बोलणे सतत बदलते, म्हणून ते ठेवायचे. आता बासरीवाल्याने पंचमावर आठ मात्रांचा न हलणारा स्वर लावला, तर या प्रक्रियेच्या हिशेबी तो पंखाच असतो. जितका स्वर स्थिर, जितका श्वास कसलेला, तितका तो लवकर पुसला जातो! तिसरी प्रक्रिया उलट बाजूने छळते: दोन ओळींमधल्या शांततेत ती गेन वाढवत नेते, त्यामुळे श्वासाचा आवाज फुगतो आणि पुढचा स्वर येताच दणका बसून सगळे दबते. पहिली तर स्पीकरवर गाईड (ज्याच्या आधाराने बाकीचे वाजवतात तो कच्चा ट्रॅक) लावून वाजवणाऱ्याच्या वाद्यालाच प्रतिध्वनी समजून खाते. तेव्हा स्टुडिओ-सॉफ्टवेअरच्या माइक सेटिंगमध्ये या तिन्ही गोष्टी बंद करायला सांगा, विंडोज असेल तर माइकच्या गुणधर्मांतले ऑडिओ एन्हान्समेंटही बंद करायला सांगा, आणि ब्राउझरमध्ये ते बंद करण्याची सोय सापडत नसेल तर रेकॉर्डिंग ब्राउझरमध्ये करूच नका. ऑडॅसिटी हे मुक्त सॉफ्टवेअर संगणकावर थेट चालते. त्यात गाईड ऐकत बासरी रेकॉर्ड करावी आणि तयार वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी) फाइल प्रोजेक्टमध्ये आणून ठेवावी.

रेकॉर्डिंगच्या बाकीच्या बाबींवर थोडक्यात लिहिते. रेकॉर्डिंगची बारकाई म्हणून २४ बिट निवडा आणि सर्वांत मोठा स्वर मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. १६ बिटमध्ये सुमारे ९६ डेसिबलची झेप (सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) मिळते आणि २४ बिटमध्ये सिद्धांताप्रमाणे १४४, त्यामुळे हळू रेकॉर्ड झाल्याने काही बिघडत नाही, पण शून्याला धडकून फाटलेला स्वर पुन्हा शिवता येत नाही. माइकपासून एक वीत अंतर, थोडे तिरके तोंड, आणि मागे कपड्यांनी भरलेले उघडे कपाट किंवा जाड गोधडी, एवढ्याने घरातल्या खोलीचा घुमारा पुष्कळ आवरतो.

मात्र एका विषयावर मी घाई करणार नाही, तो म्हणजे तुम्ही एकमेकांना पाठवता त्या फाइली. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघे असेच दूर बसून एक गाणे करत होतो. गिटार वाजवणाऱ्या मित्राला मी गाईड ट्रॅक एमपीथ्री करून पाठवला, कारण तो लवकर जातो. त्याने वाजवलेली फाइल परत आली की मी ती प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीला लावत असे, आणि दर वेळी ती किंचित मागे लागत असे. मी त्याला तसे कळवले. त्याने चार वेळा पुन्हा वाजवले. चौथ्या वेळी त्याच्या वाजवण्यात अशी काही ताठरता आली की मला ती ऐकवेना. नंतर कळले ते असे: एमपीथ्री बनवताना फाइलच्या सुरुवातीला थोडी पोकळी भरली जाते. लेम या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एन्कोडरची ५७६ सॅम्पल आणि डीकोडरची ५२९, मिळून ११०५ सॅम्पल, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झवर २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ही पोकळी ओळखून कापते, काही कापत नाही, आणि त्याचे कापत नव्हते. तो पहिल्या टेकपासून चोख वाजवत होता. मी त्याची क्षमा मागितली, पण ते चार दिवस मला अजून आठवतात. म्हणून सांगते, गाईड असो वा टेक, तुमच्यात फिरणारी प्रत्येक फाइल वेव्ह किंवा फ्लॅकच (आवाजातले काही न गमावता लहान केलेली) असू द्या. एमपीथ्री फक्त ऐकून दाखवायला.

दुसरा सापळा सॅम्पल रेटचा. एकीचे सॉफ्टवेअर ४४.१ किलोहर्ट्झवर आणि दुसऱ्याचे ४८ वर चालत असेल आणि फाइल रूपांतर न होता तशीच उघडली गेली, तर चार मिनिटांचे गाणे २२०.५ सेकंदांत उरकते आणि स्वर जवळजवळ दीड सेमिटोन चढतो. एवढा मोठा फरक निदान लगेच कळतो. पण कोणी तो ‘दुरुस्त’ करायला हाताने ताणून बसवला की गाण्याचा पोत कायमचा जातो. पहिल्या दिवशी चौघांनी मिळून एकच आकडा ठरवा. मी ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट असे सुचवीन. या मापाची एक मिनिटाची मोनो वेव्ह फाइल सुमारे ८.६ मेगाबाइटची होते. चार मिनिटांच्या गाण्याचे तीस ट्रॅक धरले तरी एक जीबीच्या थोडे पुढे जाते, आणि तेवढी जागा आज कोणाकडेही असते.

प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी शून्यापासून सुरू झाली पाहिजे, मग बासरी तिसऱ्या कडव्यानंतरच का येईना. आधीची शांतता कापून पाठवलेला तुकडा नेमका कुठे बसवायचा हे शोधण्यात जो वेळ जातो, तो वाद्य वाजवण्यापेक्षा जास्त असतो. गाईडच्या सुरुवातीला एका आवर्तनाचा मोजणीचा क्लिक ठेवा. फाइलच्या नावात गाण्याचा क्रमांक, बीपीएम, वाद्य आणि टेक लिहा, जसे ‘गाणे०३_९६_बासरी_टेक४’. ‘शेवटची’, ‘अगदी शेवटची’ आणि ‘खरी शेवटची’ अशा नावांच्या फाइलींनी मी माणसे हताश होताना पाहिली आहेत. तुमच्या कीबोर्डवाल्या मैत्रिणीसाठी एक जादा सूचना: तिने नुसती मिडी फाइल पाठवू नये. १९८३ साली आलेल्या मिडी पद्धतीत कोणता स्वर, केव्हा, किती जोरात एवढीच माहिती जाते, नाद जात नाही; तिच्याकडच्या प्लगइनमधला (सॉफ्टवेअरला जोडलेल्या वाद्यातला) मखमली पियानो तुमच्याकडे भलत्याच वाद्यात वाजेल. मिडी आणि त्याचा ऑडिओ, दोन्ही पाठवावीत.

दोघांच्या बदलांत एकाचे काम हरवले, त्यावर माझा उपाय कडक आहे. एका गाण्याचा एकच सूत्रधार असावा. कोणताही ट्रॅक हलवणे, कापणे, पातळी बदलणे हे फक्त त्याने किंवा तिने करायचे. बाकीच्यांनी नवीन टेक भरायची आणि सूचना लिहायची. सूचनेत वेळ हवी: ‘१:४२ ला गिटार थोडी खाली घ्या’ हे उपयोगाचे, ‘गिटार जास्त वाटते’ हे भांडणाचे. अकरा गाणी आहेत, तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन येतील आणि कोणाला डावलल्यासारखे वाटणार नाही. आणि सूत्रधार बदलताना, किंवा कोणताही मोठा फेरफार करण्याआधी, प्रोजेक्टची प्रत नव्या क्रमांकाने ठेवायची. बँडलॅबमध्ये दर वेळी जतन केलेली आवृत्ती मागे राहते आणि तिच्यावर परत जाता येते. तुमचे त्या रात्रीचे काम तुमच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्यांच्या यादीत अजून असण्याची शक्यता आहे, ती यादी आजच उघडून पाहा.

आता सॉफ्टवेअर. हे सारे ब्राउझरमध्ये शक्य झाले ते वेब ऑडिओ या तंत्रामुळे, ज्याला २०२१ मध्ये वेबच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. बँडलॅब आणि साउंडट्रॅप ही दोन नावे तुमच्या कामाला पुरेशी आहेत. साउंडट्रॅपचा भर एकाच प्रोजेक्टमध्ये अनेकांनी एकाच वेळी काम करण्यावर आहे. बँडलॅबचा भर आवृत्त्या, निमंत्रण आणि श्रोत्यांपर्यंत पोहोचवणे यांवर. तुमचे काम थराथराने व्हावे असे मी सुचवत असल्याने माझा कल बँडलॅबकडे आहे, पण चौघांपैकी तिघांना जे आधीच सरावाचे आहे ते सोडून देण्याएवढा हा फरक मोठा नाही. ऑडिओटूल मात्र सिंथ आणि ड्रम यंत्रांच्या संगीतासाठी आहे. तुमच्या मैत्रिणीला ते भुरळ घालील, बासरीला घालणार नाही.

ब्राउझरमधल्या स्टुडिओला मी वही मानते. चाल टिपायची, रचना ठरवायची, कोणते कडवे कुठे जाईल ते पाहायचे, एकमेकांना ऐकवायचे, हे सारे तिथे उत्तम होते. शेवटचे मिक्स (सगळे ट्रॅक जुळवून केलेले एक गाणे) मात्र एकाने संगणकावरच्या पूर्ण सॉफ्टवेअरमध्ये करावे. रीपर, लॉजिक, एबलटन लाइव्ह, ज्यात त्याचा हात बसला असेल ते. तिथे नेताना प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल, रिव्हर्ब (घुमारा) आणि इको काढून टाकलेली कोरडी, आणि शेजारी तुम्हाला अपेक्षित असलेले कच्चे मिक्स, असे दोन्ही द्या. एका सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट दुसऱ्यात जसाच्या तसा उघडावा म्हणून बिटविग आणि प्रीसोनस या संगीत-सॉफ्टवेअर कंपन्यांनी २०२३ मध्ये डीएडब्ल्यूप्रोजेक्ट हे खुले स्वरूप आणले आहे, पण ते अजून सगळीकडे चालत नाही. साध्या वेव्ह फाइली सगळीकडे चालतात.

प्रत जपण्याबद्दल मी आग्रह धरते त्याला कारण आहे. २०१९ मध्ये मायस्पेस या समाजमाध्यमाच्या संकेतस्थळाने मान्य केले की सर्व्हर बदलताना जुन्या वर्षांत लोकांनी चढवलेले संगीत नष्ट झाले आणि ते परत मिळणार नाही. त्यांत अशी असंख्य गाणी होती ज्यांची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. गाण्याचा एक टप्पा पुरा झाला की सगळे ट्रॅक उतरवून घ्या आणि निदान दोघांच्या संगणकांवर ठेवा.

गाणे कोणाचे, या प्रश्नाला तुमच्या पत्रात अर्धेच उत्तर मिळते. शब्द तुमचे आहेत असे तुम्ही लिहिले आहे. चाल कोणी बांधली हे लिहिलेले नाही, आणि मला वाटते तुम्ही चौघांनी ते आपसांतही कधी उच्चारलेले नाही. कायद्याच्या दृष्टीने गाण्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द आणि चाल मिळून झालेली रचना, आणि ती रचना गाऊन-वाजवून केलेले ध्वनिमुद्रण. पहिलीचे मालक तिघे आणि दुसरीचे चौघे असे सहज होऊ शकते. बर्न कराराच्या (स्वामित्वहक्काच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) देशांत हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणीची अट नाही, पण कोणाचा वाटा किती हे लिहिलेले नसेल तर काय धरायचे, हे देशागणिक बदलते, आणि तुमच्यातला एक तर परदेशातच आहे. म्हणून प्रत्येक गाण्यासाठी एक पान करा. त्यावर गाण्याचे नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणी काय वाजवले, रचनेतले वाटे आणि ध्वनिमुद्रणातले वाटे, दोन्हींची बेरीज शंभर, तारीख आणि चौघांच्या सह्या एवढे असावे. एखाद्या गाण्यातला बासरीचा तुकडा असा असेल की तोच गुणगुणल्यावर गाणे ओळखू येते, तर बासरीवाल्याला रचनेतही वाटा द्यावा असे माझे मत आहे; तो तुकडा त्याने नुसता वाजवलेला नाही, घडवला आहे. हे पान गाणे कोणाला माहीत नसताना भरायचे असते. पैसा किंवा एखाद्या कंपनीचा करार समोर आला की मग वकिलाला दाखवा.

मैत्रिणीने सॉफ्टवेअरमधले तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे आयते तुकडे) वापरले असतील तर तेही त्या पानावर लिहा. ‘रॉयल्टी-फ्री’ लूप म्हणजे पुन्हा पैसे न देता वापरण्याची परवानगी. तो लूप एकट्या तुमचा नसतो. तोच लूप वापरलेले दुसऱ्याचे गाणे आधी नोंदलेले असेल तर आपोआप ओळख पटवणारी यंत्रणा तुमच्या गाण्यावर दावा लावू शकते, आणि तेव्हा त्या लूपच्या परवान्याचा मजकूर व घेतल्याची तारीख हाताशी असणे हाच उपाय असतो. गाण्याचा मुखडाच लूपवर उभा करू नये, हे माझे याबाबतचे मत.

ज्याने गाणे सार्वजनिक केले त्याच्याबद्दल. प्रोजेक्ट तयार करताना आणि प्रकाशित करताना खासगी, दुवा असणाऱ्यांपुरता, सर्वांसाठी असे पर्याय समोर येतात, आणि उत्साहाच्या भरात दाबलेले एक बटण पुरते. बँडलॅबसारख्या ठिकाणी तर सार्वजनिक गाणे इतरांना ‘फोर्क’ करू द्यायचे का, म्हणजे त्याची प्रत घेऊन त्यावर स्वतःचे काम करू द्यायचे का, हाही पर्याय असतो. पहिले काम म्हणून ते गाणे पुन्हा खासगी करा आणि तेवढ्या काळात कोणी प्रत घेतली का ते पाहा. घेतली असेल तर ती परत मागवता येणार नाही, पण त्या व्यक्तीला सभ्यपणे लिहिता येईल. मग पानावर एक ओळ वाढवा: चौघांचे ‘हो’ लेखी आल्याशिवाय काहीही सार्वजनिक होणार नाही. त्या मित्राला जाब विचारण्यापेक्षा ही ओळ त्यालाच लिहायला सांगा. अर्धवट गाणे लोकांना ऐकवावेसे वाटले, म्हणजे ते त्याला आवडले होते.

प्रकाशनाची घाई नसल्याने त्यावर दोनच शब्द. मिक्स मोठ्या आवाजाचे करण्यासाठी ते चेपू नका. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणे सुमारे उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाच्या) पातळीला आणून वाजवतात, त्यामुळे चेपलेल्या गाण्याचा आवाज खाली येतो आणि चेपलेपणा तेवढा शिल्लक राहतो. शिखर उणे १ डेसिबलवर थांबवा. वितरकाकडून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला त्या ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा, अक्षरे व अंक मिळून १२ चिन्हांचा आयएसआरसी संकेतांक मिळेल, तो त्याच पानावर नोंदवा.

अकरांपैकी सुरुवात कोणत्या गाण्याने करावी असे विचाराल, तर ज्यात बासरीचा तो लांब स्वर आहे त्याच गाण्याने करा. आज त्या मित्राला फोन करा, स्वर विरतो त्यात त्याच्या श्वासाची चूक नाही हे आधी सांगा, मग त्या तीन प्रक्रिया बंद करून किंवा ऑडॅसिटीत, ४८ किलोहर्ट्झवर, शून्यापासून, तीच ओळ त्याला पुन्हा वाजवायला सांगा, आणि आलेली वेव्ह फाइल चौघांनी आपापल्या घरी तारेच्या हेडफोनवर ऐका.